याच्या जागी कोण?

वलगावच्या आमच्या घरात कुठल्याच वस्तूला जोडीला दुसरी नव्हती. कंदील एक, त्याची काच फुटली की पुढच्या बाजारापर्यंत अंधार. बादली एक. कमावता माणूस एक, माझे बाबा. ते अमरावतीच्या जिनात कापसाच्या गाठी उचलत. त्यांना हिवताप आला की त्यांच्या जागी आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाई, आईच्या जागी माझी धाकटी बहीण शांता चुलीपुढे बसे, आणि शाळेत शांताच्या जागी कोणीच नसे. अशी तिची शाळा सुटली ती सुटलीच. नागपूरहून दीक्षा घेऊन परत आल्यावर बाबांनी जाहीर केलं, "पोट्टा कॉलेजात जाईन." मी गेलो. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी आजही कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

असल्या घरातून आलेल्या मला नथ्थूजी मापारी पहिल्यांदा दिसले तेव्हा हसू आवरेना. त्यांच्याजवळ सगळ्या वस्तू दोन-दोन होत्या. भर उन्हाळ्यात दोन छत्र्या घेऊन ते कापूस बाजारात मापाला जात. एक चष्मा नाकावर, एक खिशात. डोक्यावर केस नव्हते, तरी कंगवे दोन. कोणी छत्रीबद्दल टोकलं की उत्तर ठरलेलं, "एक मोडली तं? हिच्या जागी कोण?"

एका वरातीत त्यांनी घोड्यावरच्या नवरदेवाकडे बोट दाखवून वरबापाला गंभीरपणे विचारलं, "झकास हाय जी. पन याच्या जागी कोण?" वरबापाने त्यांना पार शेवटच्या पंगतीत बसवलं. नथ्थूजी पुढे कित्येक दिवस सांगत फिरले, "मी घोड्याचं विचारून राहिलो होतो ना बाप्पा! लंगडत होतं घोडं!"

तर हे नथ्थूजी अमरावतीच्या आमच्या हॉकी संघाचे सर्वेसर्वा. तरुणपणी स्वतः सेंटर-हाफ खेळलेले. अकोल्याला दरवर्षी ढालीचे सामने होत, आणि लागोपाठ तीन वर्षं जिंकेल त्या संघाला ढाल कायमची मिळे. आम्ही दोन वर्षं जिंकलो होतो. अमरावतीच्या पानठेल्यांवर तिसऱ्या वर्षाची चर्चा पावसाळ्यापासूनच सुरू झाली. सगळ्यांचं मत एकच, असे अकरा वाघ आहेत, अजून पाच वर्षं मरण नाही. नथ्थूजी एकटे मान हलवत. "बाबूरावचं गुडघं कुरकुर करते. फुलबॅकले रेल्वेत नोकरी लागून राहिली, तो जाईन भुसावळले. हे अकरा हायेत अजून एक साल. बस. अन् मंग? यायच्या जागी कोण?"

त्या काळी सामना सुरू झाला की गडी बदलता येत नसे. कोणी पडला तर उरलेल्या दहांनी खेळायचं. राखीव गडी म्हणजे पाण्याची बादली वाहणारा माणूस, अशी सगळीकडे समजूत. पण नथ्थूजी राखीव गड्याला 'तिसरा बैल' म्हणत. लांबच्या वाटेला गाडीमागे एक मोकळा बैल बांधून नेतात ना, तसा. त्यांचा नियम होता की जुन्या गड्याने आपल्या जागेसाठी एक नवा गडी स्वतः तयार करायचा. सराव रंगात आला की ते शिट्टी मारत आणि जुन्याने आपली स्टिक नव्याच्या हातात देऊन बाहेर पडायचं.

मी बाबूरावचा तिसरा बैल. बाबूराव आमचा सेंटर-हाफ, अख्ख्या वऱ्हाडात नावाजलेला, आणि ते नाव त्याच्या स्वतःच्या कानावर सर्वांत जास्त पडलेलं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "नथ्थूजी, माह्या जागी कोणीच नाई."

"म्हनून तं भेव लागते बाप्पा," नथ्थूजी म्हणाले. "दे ते स्टिक."

सुरुवातीच्या एका सोप्या सामन्यात त्यांनी चक्क बाबूरावला बसवून मला उतरवलं. आम्ही हरता हरता वाचलो. लोकांनी शेंगांची टरफलं फेकली. "अबे मापारी, कालेजातला पोट्टा काहून उतरवला? तराजू बिघडला का बे?" नथ्थूजींनी दोन्ही छत्र्या उघडल्या. एक माझ्यावर धरली, एक स्वतःवर. "फेकू दे लेकाच्यायले," म्हणाले. "तू फक्त डावी बाजू उघडी सोडू नको."

एकदा मीच त्यांना चिडवलं, "नथ्थूजी, सगळ्यायचं विचारता. तुमच्या जागी कोण?" ते चष्मा काढून पुसत बसले. मग खिशातला दुसराही काढून पुसला. "पाहून राहिलो," एवढंच बोलले. तेव्हापासून मला दिसू लागलं की आमचे म्हातारे माजी गोलकीपर इस्माईलभाई रोज सरावाला येऊन त्यांच्या शेजारी बसतात.

तिसऱ्या वर्षीही आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. आदल्या दिवशी अकोल्याला जुन्या शहरातून, मोर्णा नदीपलीकडून, बाबूरावच्या सासरचं आमंत्रण आलं. अख्ख्या संघाला रोडग्यांचं जेवण. नथ्थूजींचा आणखी एक नियम होता: सगळ्या संघाने एका चुलीवरचं जेवायचं नाही. "मोठे जा. तिसरे बैल माह्याजवळ," ते म्हणाले. आम्ही राखीव गडी तोंडं पाडून त्यांची खिचडी जेवलो. ती ते एकाच पातेल्यातून, एकाच पळीने सगळ्यांना वाढत, आणि मला आधी वाढत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. ते कधी बोलले नाहीत, मीही नाही.

तिकडे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे आणि झणझणीत वांग्याची भाजी. सासरा वाढत होता, "घ्या ना जावईबापू, एकानं काय होते!" सासरी जावई नाही म्हणू शकत नाही, आणि जावई खात असताना त्याचे दोस्त हात धुऊ शकत नाहीत. सकाळी बाबूराव आणि आमचे चार वाघ भिंतीला धरून उभे होते, तेही मधूनमधून.

बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नथ्थूजींचा चेहरा मात्र असा उजळला की जणू घरी कार्य निघालंय. "जुंपा रे तिसरे बैल!" बाबूरावने विव्हळतच आपली स्टिक माझ्या हातात दिली.

मैदानावर पोचतो तोच अकोटच्या एस.टी.तून उतरलेला एक माणूस धापा टाकत आला. नथ्थूजींच्या लेकीचा, यमूचा, दीर. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती अकोटला सासरीच राहिली होती. "मामाजी, वैनीले पहाटपासून कळा येऊन राहिल्या. लय तरास हाय. तुमचंच नाव घेऊन राहिली."

आम्ही सगळे नथ्थूजींकडे पाहू लागलो. ज्या सामन्यासाठी हा माणूस जन्मभर जागला, तो तासाभरावर आला होता. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, इस्माईलभाईंच्या गळ्यात घातली आणि एक छत्री त्यांच्या हातात दिली.

"इस्माईल, आता तू."

"जा तू. फिकर करू नको."

आणि नथ्थूजी निघाले. एकच छत्री घेतलेले नथ्थूजी मी प्रथमच पाहिले.

"फायनल टाकून गेले?" बाबूराव पोट धरून म्हणाला. "संध्याकाळच्या गाडीनं गेले असते तं काय झालं असतं?"

"काय झालं असतं?" इस्माईलभाई त्याच्याकडे वळले. "आयक. इंग्रजाच्या राज्यात हेच ढाल, हेच मैदान, अन् आमचं बी तिसरंच साल. आमी बरोबर अकरा होतो. तवा बी सकाळीच निरोप आला, नथ्थूच्या बायकोले कळा सुरू झाल्या म्हनून. तो निघाला होता. आमीच आडवे झालो. म्हटलं, तुह्या जागी कोणी नाई बाप्पा, खेळून जा. तो थांबला. हारलो ते हारलोच. घरी गेला तं पाळण्यात यमू होती. बायको नव्हती."

इस्माईलभाईंनी शिट्टी तोंडाला लावली. "आज हाय ना त्याच्या जागी मानूस? चाला मंग!"

असा खेळ मी पुन्हा कधी खेळलो नाही. पाच नवे गडी, आणि प्रत्येकाच्या अंगात त्याच्या जुन्याची सवय भिनलेली. समोरचे गडी बाबूरावच्या चाली ओळखून होते, पण बाबूरावच्या चाली माझ्या पायांनी आल्यावर त्यांची गडबड उडाली. स्वतः बाबूराव सीमेवर वाकून बसला होता. तशा अवस्थेत ओरडत होता, "डावीकडं! अबे डावीकडं पाह्य!" मी डावीकडे पाहिलं. चेंडू काढला, राइट-इनला दिला, आणि गोलपोस्टच्या फळीचा तो ठण्ण आवाज अजून माझ्या कानात आहे. तोच एक गोल. मग शेवटपर्यंत आम्ही कोणाला फिरकू दिलं नाही. सगळ्यांत आधी धावत येऊन मला उचललं ते बाबूरावने, आणि लगेच खाली ठेवून तो पुन्हा कुठेतरी धावत गेला.

ढाल घेऊन आम्ही थेट अकोटची एस.टी. पकडली. कंडक्टर म्हणाला, "एवढं मोठं सामान टपावर टाका." इस्माईलभाई म्हणाले, "सामान नाई भाऊ, पाव्हनी हाय," आणि ढालीला खिडकीजवळ बसवलं.

दवाखान्याच्या ओट्यावर नथ्थूजी बसले होते. मांडीवर फडक्यात गुंडाळलेली नात. यमू सुखरूप होती. आत झोपली होती. आम्ही ढाल त्यांच्यापुढे टेकवली. त्यांनी एका हाताने बाळ सांभाळत दुसरा हात ढालीवरून फिरवला, मापाआधी कापसावरून फिरवत तसा.

"बाबूरावच्या जागी कोण खेळलं?"

"मी जी."

"डावी बाजू?"

"उघडी नाई सोडली."

त्यांनी मान डोलावली. मग आतल्या दाराकडे पाहत हळू म्हणाले, "मले पाह्यल्यावर यमू रडली नाई. हासली."

उतरतं ऊन लागू नये म्हणून मी त्यांची छत्री उघडून बाळावर धरली. दुसरी इस्माईलभाईंजवळ होती. ती नथ्थूजींनी कधीच परत मागितली नाही.

ढाल कायमची अमरावतीला आली. पुढच्या साली मी बी.ए. झालो. पगार सुरू होताच मी शांताला पुन्हा शाळेत घातलं; ती मॅट्रिक झाली, मग तीही बी.ए. झाली. वलगावच्या आमच्या घरात आता पदव्या दोन आहेत.