मोजणी राहिलेली शाळा

बोरवडच्या हायस्कूलला बॉम्बची धमकी आली त्या दिवशी मुलं रांगेनं बाहेर पडली, त्यांच्यामागून शिक्षक बाहेर पडले आणि सगळ्यांच्या शेवटी शाळाही बाहेर पडली. धक्काबुक्की अजिबात झाली नाही. दरवर्षी सराव होत असल्यामुळे शाळेला नियम तोंडपाठ होते. दप्तर उचलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, मोकळ्या जागी जायचं आणि मोजणी होईपर्यंत परत फिरायचं नाही. शाळेनं पत्रे सावरले, व्हरांडा आवरून घेतला आणि ओढा ओलांडून ती तळेवाडीच्या माळाकडं चालू लागली.

मुख्याध्यापिका खोचरेबाईंनी मोजणीला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांच्यासमोर माईक आला. आजवर या शाळेकडं कुणी वाट वाकडी करून आलं नव्हतं, दहावीचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हासुद्धा नाही. आता एकदम चार वाहिन्यांच्या गाड्या दारात, म्हणजे जिथं दार होतं तिथं, येऊन थांबल्या. बाई घाबरल्या होत्या हे खरं, पण अंगात वारं संचारलं होतं हेही तितकंच खरं. त्यांनी पदर नीट केला आणि चारही वाहिन्यांना चार वेगळ्या मुलाखती दिल्या. मधेच इचलकरंजीच्या नणंदेचा फोन आला की वहिनी, टीव्हीवर तुम्ही चक्क बारीक दिसता. या सगळ्या धांदलीत मोजणी राहिली ती राहिलीच.

बॉम्बशोधक पथकानं रिकामी जागा कुत्र्याकडून हुंगून घेतली. काही सापडलं नाही. पण साहेबांचं म्हणणं पडलं की धमकी शाळेत बॉम्ब असल्याची आहे, जागेत असल्याची नव्हे. तेव्हा शाळा तपासल्याशिवाय धोका टळला असं म्हणता येणार नाही. त्यांचं चूक नव्हतं. मग पथक, वाहिन्या, मुलं आणि अर्धं बोरवड असा सगळा लवाजमा माळावर गेला.

माळाच्या मधोमध शाळा बसली होती. एका वार्ताहरानं तिला विचारलं, की तुम्हाला आत्ता नेमकं कसं वाटतंय. शाळेनं एक खिडकी उघडली आणि मिटली. 'शाळेला अश्रू अनावर' अशी पट्टी लावून वाहिनीनं ती खिडकी दुपारपर्यंत दाखवली.

कुत्र्यानं आठही खोल्या हुंगल्या. बॉम्ब नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी व्हरांड्याच्या खांबावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल आता घरी." शाळा हलली नाही.

तेव्हा तळेवाडीच्या सरपंच हौसाबाई शेंडगे पुढं आल्या. शाळेसमोर नारळ त्यांनी केव्हाच फोडला होता. त्यांनी बाईंच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि गावाच्या हद्दीत आलेली शाळा गावाची, असा ठराव झाल्याचं सांगितलं.

"आमच्या पोरी सातवीनंतर घरी बसत्यात, बाई," त्या म्हणाल्या. "ओढ्याला पानी आलं की कोन धाडतंय? आता शाळाच आपल्या पायानं आलीया, तिला हाकलून लावू व्हय?"

बाईंनी खोबरं तसंच मुठीत धरलं. शाळा इथं राहिली तर उद्यापासून बोरवडची मुलं बसवायची कुठं? त्यांनी आत डोकावून पाहिलं. नववीच्या वर्गात तळेवाडीच्या मुली बाकांवर बसल्या होत्या. कुणी कांद्याच्या रानातून तशीच उठून आली होती, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड होतं. कुत्रं हुंगून गेलं तरी त्यांतली एकही जागची उठली नव्हती. तो वर्ग पाहताना बाईंना मोजणी आठवली आणि लाजेनं त्यांचे कान तापले.

त्यांनी तिथल्या तिथं मुलांना रांगा करायला सांगितलं आणि एकेकाचं नाव घेतलं. मुलं हजर म्हणत गेली. शिक्षकही म्हणाले. शेवटी बाईंनी शाळेचं नाव घेतलं, तेव्हा एक दार आपटलं. तरीही शाळा उठेना.

"आतल्या ऱ्हायल्या," हौसाबाई म्हणाल्या.

नियम नियमच होता. शाळेत असेल त्या प्रत्येकाची मोजणी व्हायला हवी, आणि मोजलं की ते मूल शाळेचं. बाई पायरी चढून आत गेल्या आणि पहिल्या बाकापाशी थांबल्या.

"नाव काय तुझं?"

"प्रतीक्षा वाघमोडे."

"कितवीत आहेस?"

"सातवी झाली. आता कुठंच न्हाई."

"म्हण, हजर."

मुलीनं आधी खिडकीतून हौसाबाईंकडं पाहिलं. मग ती उभी राहिली. "हजर," ती म्हणाली, आणि तिच्यामागून अख्खा वर्ग. बाईंचे डोळे भरून आले. ते कॅमेऱ्यांना दिसलं नाही, कारण कॅमेरे अजून त्या मिटलेल्या खिडकीवर लावलेले होते. शेवटचं हजर होताच शाळा उठली आणि मुलींसकट ओढा ओलांडून आपल्या जागी आली.

आता ती रोज सकाळी तळेवाडीला जाऊन मुली घेऊन येते आणि संध्याकाळी पोचवून येते. ओढ्याला पाणी असेल तेव्हा व्हरांडा जरा वर उचलून धरते. पहिल्या दिवशी शाळा वेळेवर पोचली तेव्हा बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी वाहिनीच्या वार्ताहराला आपण होऊन फोन केला. नवी धमकी आली का, असं त्यानं विचारलं. बाई नाही म्हणाल्या. कुणाला काही लागलं का? तेही नव्हतं.

"मग झालं काय, मॅडम?"

"मुली शाळेत आल्या," बाई म्हणाल्या.

पुढं काही असेल म्हणून तो थोडा वेळ थांबला, आणि मग त्यानं फोन ठेवला.