कट्ट्यावरचा पहिला नंबर

एका जंगलात एक मैदान होतं आणि मैदानाला लागून एक कट्टा होता. मैदानावर पिल्लं खो-खो खेळायची. कट्ट्यावर वडीलधारी मंडळी बसायची. मुलांनो, कुठल्याही खेळात कट्टा महत्त्वाचा. मैदानावाचून एक वेळ भागतं.

नदीपलीकडे थोरल्यांचं मैदान होतं. खरे सामने तिथे व्हायचे. अलीकडची पिल्लं जीव तोडून पळायची, ती कधीतरी तिकडे जायला मिळेल म्हणून. मग कोण जाणार आणि कोण नुसतंच धापा टाकणार, हे आधी ठरवून ठेवायला नको? ते काम कट्ट्याचं. दर आठवड्याला तिथे पिल्लांचे नंबर लागायचे.

हसू नका. आमच्या शाळेच्या भिंतीवर मी आणि माझे दोन मित्र रोज संध्याकाळी हेच करतो. आमच्यातल्या एकालाही जन्मात धड खो देता आला नाही. मी तर उठतानाच पडायचो. तेव्हा कट्ट्याची टिंगल मी खपवून घेणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

कट्ट्यावर तिघांचं चालायचं. अध्यक्ष होते घुबड नानासाहेब. सामने दिवसा व्हायचे आणि दिवसा नानासाहेब झोपायचे. त्यामुळे त्यांनी एकही सामना पाहिलेला नव्हता.

"म्हणून तर माझं मत कुणाच्या बाजूला झुकत नाही," असं ते म्हणायचे. आम्हालाही असा एखादा अध्यक्ष मिळाला असता तर!

दुसरे साळिंदर दत्तोबा. वाद रंगला की त्यांचे काटे उभे राहायचे. त्यामुळे त्यांचं म्हणणं सगळ्यांना लवकर पटायचं. आणि तिसरा ससा रंगनाथ. बिचारा भला होता. त्याचा मुलगा भुऱ्या, तो या गोष्टीत पुढे येणार आहे.

नंबर लावायची रीत अगदी सोपी होती. जो खेळतो, त्याचे दोष दिसतात. मुंगसाचा मुलगा रोज जिंकायचा.

"वळताना शेपूट फार फिरवतो," दत्तोबा म्हणाले. गेला तो खाली.

खारीची मुलगी कुणाच्या हाती लागायची नाही.

"आत्ताच एवढी पळतेय, मग पुढे काय करणार?" नानासाहेब म्हणाले. तीही गेली खाली.

भुऱ्याचा तेव्हा पाय मुरगळला होता. तो घरी बसून गवत खायचा. आता बसून गवत खाणाऱ्यात कोण काय खोट काढणार? भुऱ्या दर आठवड्याला वर सरकत गेला, आणि एके दिवशी चक्क पहिला आला.

रंगनाथचं चालणंच बदललं. पाणवठ्यावर त्याला लोक वाट करून द्यायला लागले. "भुऱ्याचे वडील बरं का," असं कुणी कुजबुजलं की तो मुद्दाम हळू पाणी प्यायचा.

पुढे भुऱ्याचा पाय बरा झाला.

"बाबा, उद्यापासून खेळायला जाऊ?"

"वेड लागलंय का तुला? पहिला आहेस तू!"

"पण मला खेळायचंय."

"खेळशील रे. कोण नको म्हणतंय? पण सगळं छान चाललंय, तर आत्ता कशाला?"

"अहो, सोडा की त्याला," भुऱ्याची आई म्हणाली. "बसून बसून जाड झालंय पोरगं. पिल्लांत खेळायचं वय निघून गेलं की पलीकडेही कुणी नेणार नाही."

"तुला यातलं काही कळत नाही," रंगनाथ म्हणाला.

भुऱ्या गवताआडून रोज मैदानाकडे बघायचा. खो ऐकू आला की त्याचे पाय आपोआप हलायचे. रात्री तो आईच्या कुशीत तोंड खुपसून रडायचा. हे कट्ट्याला कळलं असतं तर त्याचा पहिला नंबर गेला असता, म्हणून आईनं कुणाला सांगितलं नाही.

एके सकाळी पलीकडून काळवीट आलं. थोरल्या संघाला तेच शिकवायचं. संघात एक जागा रिकामी होती. दत्तोबांनी त्याला सगळे नंबर घडाघडा म्हणून दाखवले.

"वा," काळवीट म्हणालं. "आता जरा पळवून दाखवा."

दत्तोबांना ते मुळीच आवडलं नाही. नंबर सांगितल्यावर पुन्हा पळवायचं कशाला? मुलांनो, मीही याच मताचा आहे.

"आमच्या भुऱ्याला आज बरं नाही," रंगनाथ घाईघाईनं म्हणाला.

पण भुऱ्या केव्हाच मैदानात जाऊन उभा राहिला होता.

काय सांगू तुम्हाला! पहिल्याच फेरीत बाद. दुसऱ्या वेळी पाय अडकला आणि तोंडावर आपटला. नाकात माती गेली. रंगनाथनं डोळे मिटून घेतले. भुऱ्या शिंकला, उठला आणि पुन्हा उभा राहिला. या खेपेला मुंगूस त्याच्यावर झेपावलं, तर यानं अशी हुलकावणी दिली की मुंगूस थेट खांबाला जाऊन धडकलं. भुऱ्याला इतकं हसू आलं की हसता हसता तो परत बाद झाला.

"पडतो, पण लगेच उठतो," काळवीट म्हणालं. "याला मी नेतो."

भुऱ्या उड्या मारत वडिलांकडे आला.

"बाबा, मला घेतलं!"

"ते ठीक आहे," रंगनाथ रडवेल्या आवाजात म्हणाला, "पण नंबर?"

संध्याकाळी कट्ट्यानं भुऱ्याला एकदम तळाशी टाकलं. पुढच्या आठवड्यात तर तळालाही ठेवलं नाही. पलीकडे गेलेल्यांचे नंबर लागत नसत. जो पोहोचला, त्याच्यावर वाद काय घालणार?

मग पहिलं कोण? पिल्लांत तर सगळ्यांतच काही ना काही खोट निघत होती. शेवटी नानासाहेबांनीच तोडगा काढला. मैदानाच्या कडेला टिटवीनं अंडी घातली होती. त्यातल्या एका अंड्याला त्यांनी पहिला नंबर दिला.

"बघा, कुठे म्हणजे कुठेही दोष नाही," ते म्हणाले.

"जरा उठता का बाई?" म्हणत दत्तोबा टिटवीला उठवून अंडं सगळ्या बाजूंनी बघायचे. टिटवी आरडाओरडा करायची. दत्तोबांनी त्याला घरच्यांचा पाठिंबा असं नाव दिलं.

रंगनाथ बरेच दिवस रुसून कोपऱ्यात बसला होता. पण एकदा कुणीतरी म्हणालं, अंडं एका टोकाला निमुळतं आहे. त्याला राहवलं नाही.

"निमुळतं असलं म्हणजेच पुढे वेग येतो," तो म्हणाला, आणि पुन्हा कट्ट्याचा झाला.

अखेर भुऱ्याचा पलीकडचा पहिला सामना ठरला.

"बाबा, याल ना?"

"हे काय विचारणं झालं? सगळ्यांच्या आधी येऊन बसतो की नाही बघ!"

रंगनाथ खरंच वेळेवर निघाला. भुऱ्याची आई आधीच पुढे गेली होती. वाटेत कट्टा लागला. अंड्यासाठी नानासाहेब आज दुपारीच उठले होते, आणि दत्तोबा म्हणत होते की शेजारचं अंडं जास्त गोल असल्यामुळे पहिला नंबर त्यालाच द्यायला हवा.

"काहीतरीच काय!" रंगनाथ म्हणाला. एवढं सांगून निघू, असं म्हणून तो टेकला.

तो उठला तेव्हा लोक सामना बघून परत यायला लागले होते. रंगनाथ धावत घरी आला. भुऱ्या दारातच होता, मातीनं माखलेला आणि दमलेला.

"बाबा! पाहिलात सामना?"

"पाहिला म्हणजे काय! झकास खेळलास. फक्त खांबापाशी वळताना जरा घाई करतोस."

भुऱ्याचे कान हळूहळू खाली आले.

"अहो, आज तो खांबापर्यंत गेलाच नाही," आई म्हणाली. "सगळा वेळ मधेच खेळला. शेवटपर्यंत बाद झाला नाही. सारखा गर्दीत तुम्हाला शोधत होता."

रंगनाथ नखानं जमीन उकरत राहिला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. पण काय बोलावं ते सुचेना, आणि ते न सुचणं भुऱ्याला बघवेना.

"राहू दे गं आई," भुऱ्या म्हणाला. तो वडिलांच्या शेजारी येऊन बसला. "बाबा, अंड्याचं काय झालं?"

रंगनाथचे डोळे चमकले. "अरे, पहिलंच राहिलं! दत्तोबा ऐकायलाच तयार नव्हते, पण मी म्हटलं..."

बराच वेळ तो बोलत होता. भुऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी काहीही व्हा, पण होऊन बसू नका. होणार होणार असंच राहा, म्हणजे घरचे आणि दारचे सगळे तुमच्याकडे लक्ष देतील. आमच्या भिंतीवर या तात्पर्याला तिसरा नंबर मिळाला आहे. पहिला नंबर ज्या तात्पर्याला दिला, ते अजून कुणाला सुचलेलं नाही, पण त्याच्याकडून आम्हाला फार मोठी आशा आहे.