एक्केचाळीस बाबी तपासलेली गाडी

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे; तपासण्याच्या बाबी एक्केचाळीस. एवढ्या सिद्धतेने एकनाथराव सातपाटीत उतरले. उघड्या टपाची जुनी मोटार घेताना आपण फसू शकतो, ही शक्यता ते बोईसरलाच ठेवून आले होते.

तंत्रनिकेतनाची पदविका आणि वीज केंद्रातील चौतीस वर्षांची देखभाल पाठीशी होती. शिवाय वचन होते. लेक रुचिता सात वर्षांची असताना, तुझी वरात उघड्या मोटारीतून काढीन, असे ते बोलून गेले होते. आणि लग्न पुढच्याच रविवारी होते. भाड्याची गाडी आणा, असे पत्नी वत्सलाबाईंनी दोनदा सुचवले. पण एकनाथराव वाजवून पाहिल्याशिवाय नारळसुद्धा घेत नसत.

मोटार विकणाऱ्या नर्मदाबाईंच्या अंगणात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या माळांमागे उभी होती. त्यांच्या सासऱ्यांनी हौसेने घेतलेली, ते बारा वर्षांपूर्वी गेल्यापासून अंगणाबाहेर न पडलेली. नवी बॅटरी लावताच इंजिन बोलू लागले. एकनाथरावांनी पत्र्यावरून लोहचुंबक फिरवले. ते जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबीचा लगदा भरलेला असतो. छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार तळावर, म्हणून तळ पेचकसाने टोचून पाहिला. नर्मदाबाईंना आत बसवून दारे उघडमीट केली. तळ खचला असेल तर दार अडते. कापडी हूडवर बादलीभर पाणी ओतले, थेंब आत आला नाही.

नर्मदाबाई प्रामाणिक होत्या. "काका, एकदा घरी नेऊन बघा, मंग ठरवा. इथं समजायचं नाय."

"बाई, मला इथेच समजते," म्हणत एकनाथरावांनी व्यवहार केला.

"हूड उघडंच ठेवा हां," त्या मागून म्हणाल्या. कापडाची निगा म्हणून हा सल्ला एकनाथरावांना शास्त्रशुद्ध वाटला.

गाडी बोईसरच्या घराच्या फाटकात शिरली आणि वत्सलाबाईंनी ओवाळणीचे ताट खाली ठेवून नाकाला पदर लावला. बारा वर्षे अवकाळी सर आली की अर्धे सुकलेले बोंबील उचलून याच गाडीत ठेवले जात, हे मग नर्मदाबाईंकडून फोनवर कळले. सातपाटीत वाऱ्यालाच बोंबलांचा वास. त्यात गाडीचा वेगळा कसा कळावा?

"मला तर काहीच वास येत नाही," एकनाथराव म्हणाले.

"कसा येईल? तुम्हालाही तोच लागलाय."

आठवडाभर उपाय झाले. फिनेल, कापूर, लिंबे, शेवटी मोगऱ्याच्या माळा. वास गेला नाही, त्याला सोबत मिळाली. शनिवारी बॉनेटवर तीन मांजरे सहकुटुंब राहायला आली. व्याही पालघरचे, त्यांच्या घरी कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर! एकनाथरावांनी मान खाली घालून रुचिताला सांगितले की भाड्याची गाडी मागवतो.

"बाबा, वीस वर्षं वाट बघितलीय मी," ती म्हणाली. "हूड उघडं ठेवा आणि चला."

वरातीत गाडी एकदाही बंद पडली नाही, दार अडले नाही, तेल गळले नाही. कार्यालय दृष्टीच्या टप्प्यात आले तेव्हा मागच्या सीटवरून जावई मेहुल पुढे वाकला. हा सोवळ्या घरचा मुलगा आता काय बोलतो, या धास्तीने स्टिअरिंगमागच्या एकनाथरावांनी आरशात पाहणे टाळले.

"पप्पा," तो हळूच म्हणाला, "जेवणात बोंबील आहेत का? आईला सांगू नका."

एकनाथरावांनी मागे पाहिले आणि सवयीप्रमाणे मोजणी केली. वऱ्हाडी चौसष्ट, मांजरे एकोणीस.