लाल पेनाची टिक

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या घरात सगळ्यांत दांडगं वाचन माझं आहे. त्यामुळे बाबांच्या इंग्रजीच्या वर्गाचा राहिलेला शेवटचा धडा मी एका तासात संपवीन, असं जेव्हा मी आईला ठणकावून सांगितलं, तेव्हा मला त्यात तिळमात्र शंका नव्हती.

"एका तासात?" आई म्हणाली.

"तासही लागायचा नाही! आधी विशेषण, मग 'टू', मग क्रियापद. ग्लॅड टू मीट, सॉरी टू हिअर, रेडी टू गो. आहे काय त्यात?"

आई नुसतं "हं" म्हणाली. त्या "हं"ची मी तेव्हाच चौकशी करायला हवी होती.

बाबा निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे. अडीच महिन्यांपूर्वी ते गेले. शेवटच्या तुकडीत तिघंच होती: एक प्लंबर, एक पेंटर आणि कोपऱ्यावर शिलाईचं दुकान असलेल्या टेलरताई. त्यांचा हा एकच धडा राहिला होता. बाबांनी तो सुरू केला, फळ्यावर 'इट इज हार्ड टू' एवढंच लिहिलं आणि वर्ग सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

ती अर्धी ओळ मी जिवापाड जपली होती. फळ्याच्या कोपऱ्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली होती. आईला तिथे फडकं मारायची बंदी होती. खडू उडू नये म्हणून पंखा एकच्या पुढे जात नव्हता! रोज संध्याकाळी मी त्या ओळीसमोर बसायचे. काय कठीण आहे, बाबा? निरोप घेणं? मागे राहणं? इतकी पुस्तकं वाचली, पण असं वाक्य अर्ध्यावर सोडायची हिंमत मला कुठल्याही लेखकात दिसली नव्हती.

तर शनिवारी तिघं आली. फळ्याला हात लावायचा नव्हता, म्हणून मी कागद वाटले आणि प्रत्येकाला पाच वाक्यं लिहायला सांगितली. पाऊण तासात कागद हातात आले. मी बाबांचं लाल पेन काढलं. विशेषण आहे? आहे. 'टू' आहे? आहे. टिक! पंधराच्या पंधरा वाक्यांवर टिक! माझ्या शिकवण्याचा मला इतका अभिमान वाटला की पंखा दोनवर करावासा वाटला.

पेंटर मात्र कागदाकडे बघतच राहिला.

"मॅडम, नक्की ना? सगळ्यांवर टिक?"

"सगळ्यांवर! एकदम बरोबर आहेत."

"मग उद्याच करायचं?"

"उद्या काय, रोज करा! केल्याशिवाय भाषा येते का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. टेलरताईंनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम!

रविवारी सकाळी मी डोक्याला शॅम्पू लावून नळ सोडला, तर नळाने घसा खाकरला आणि पाणी गेलं.

"आई! पाणी!"

"मी बंद केलंय, मॅडम!" बाहेरून प्लंबरचा आवाज आला. "तुम्ही घ्या आटपून, घाई नाही!"

पाणी बंद करून वर घाई नाही म्हणतोय! डोक्यावर फेसाचा डोंगर, त्यावर कसाबसा टॉवेल, अंगात गाऊन, अशी मी तरातरा बाहेर आले.

"कुणी सांगितलं तुम्हाला पाणी बंद करायला?"

"तुम्हीच!" त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे बघा. आय ॲम रेडी टू चेंज द टॅप. टिक."

"अहो, ती वाक्याला टिक आहे! नळाला नाही!"

"सर असं कधी म्हणाले नाहीत," तो गंभीरपणे म्हणाला. "सरांचा नियम होता. खोटं वाक्य बरोबर असूच शकत नाही. लिहिलं, टिक मिळाली, की पुढच्या वर्गाच्या आत ते खरं करून यायचं. मी 'आय विल स्टॉप स्मोकिंग' लिहिलं होतं, तर चार महिने टिक दिली नाही त्यांनी! सोडायची खरी तयारी दिसली तेव्हा दिली, आणि आठवड्यात सिगरेट सुटली."

हा नियम मला कुणी सांगितला होता का? छापला होता का कुठे? मुलगी आहे मी त्यांची, आणि मलाच माहीत नाही! तणतणत मी पुढच्या खोलीकडे वळले, तर वाटेतल्या खोलीत लख्ख ऊन. पडदे गायब! समोरच्या गॅलरीतले काका माझ्या फेसाकडे बघत चहा पीत होते. आणि खोलीत टेलरताई आमचे पडदे जमिनीवर पसरून मापं घेत होत्या.

"टेलरताई! हे काय?"

"आय ॲम हॅपी टू स्टिच न्यू कर्टन्स," त्या आनंदाने म्हणाल्या. "सर वर्षभर म्हणत होते हो, पडदे फाटलेत. मीच टाळत होते. आता टिक मिळाली, म्हटलं आजच!"

"आई!" मी ओरडले. "तू कशी आत घेतलीस यांना?"

आई दारात शांतपणे उभी होती. "तू टिक दिलीस ना? मला वाटलं, बरं झालं. पोरीने एकदाचं घर मोकळं केलं."

"मी काहीही मोकळं केलेलं नाही!"

आणि तेवढ्यात मला तो वास आला. तेलकट, उग्र, ताजा. रंगाचा.

मी धावले. पंखा तीनवर होता. पुढच्या खोलीत पेंटर स्टुलावरून खाली उतरत होता. फळा काळाभोर, चकचकीत, काल दुकानातून आणल्यासारखा. त्यावर काहीही नव्हतं.

"आय ॲम ग्लॅड टू पेंट द—" त्याने सुरुवात केली आणि माझा चेहरा बघून तो थांबला.

"चिठ्ठी दिसली नाही तुम्हाला? 'हात लावू नये' लिहिलं होतं!"

"दिसली ना. अलगद काढून ठेवलीये." त्याने टेबलावरची चिठ्ठी दाखवली. "पण चिठ्ठी जुनी होती, मॅडम. टिक कालची."

यावर काय बोलणार? मी बोलले मात्र भरपूर. ती बाबांची शेवटची ओळ होती म्हणाले. त्यांनी मुद्दाम अर्धी सोडली होती म्हणाले. त्यात काय काय दडलं होतं ते मी अडीच महिने शोधत होते, आणि तुम्ही त्यावर ब्रश फिरवलात! पेंटरच्या हातातून थेंब-थेंब रंग गळत होता. माझ्या टॉवेलातून फेस गळत होता. त्यातला थोडा डोळ्यांत गेला. शॅम्पू होता, एवढंच.

आईने पुढे येऊन पदराने माझं कपाळ पुसलं.

"अगं, खडू संपला होता," ती म्हणाली.

"काय?"

"खडू. 'टू' लिहिलं आणि शेवटचा तुकडा मोडला. जेवताना मला म्हणाले, उद्या आठवणीने खडूची पेटी आण. मी आणलीही. कपाटात आहे."

"तू अडीच महिने मला सांगितलं नाहीस?"

"तू फळ्यासमोर इतकी छान बसायचीस," आई म्हणाली. "निदान एका जागी तरी बसायचीस. म्हटलं, बसू दे."

पेंटरने हळूच माझी चिठ्ठी उचलली आणि फळ्याच्या चौकटीला पुन्हा डकवली.

"दोन दिवस खरंच हात लावायचा नाही, मॅडम," तो म्हणाला. "ओला आहे."

मी खुर्चीत बसले. बाबांच्याच. म्हटलं, आता तरी हे कागद वाचावेत. दांडगं वाचन असणाऱ्या बाईने काल पंधरा वाक्यांतलं एकही वाचलं नव्हतं, फक्त 'टू' मोजले होते. टेलरताईंचं शेवटचं वाक्य होतं: 'आय वॉज लकी टू बी हिज स्टुडंट'. त्याच्यावरही मी तशीच टिक ओढली होती, नळावर ओढली तेवढीच. मी ते दोनदा वाचलं. मग पेन उघडून त्या टिकच्या शेजारी आणखी एक टिक केली. ही वाचून केलेली.

पेंटरचा कागद वाचला. मग प्लंबरचा घेतला. पहिलं वाक्य नळाचं. दुसरं त्याच्या आईला फोन करण्याचं. तिसरं, चौथं... अगदी सावकाश, एकेक शब्द वाचत मी पाचव्यावर आले.

'आय ॲम इगर टू ब्रेक द बाथरूम वॉल.'

टिक होती. लाल, ठसठशीत, माझ्याच हातची.

"थांबा!" म्हणून मी उठले, तेवढ्यात आतून पहिला हातोडा पडला.

माझा शॅम्पू अजून धुवायचाच होता.