कानाचे, डोयाचे का हाताचे?

गावंडे सरांना नवा माणूस भेटला की ते त्याचं नाव, गाव काहीही विचारत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात, समोरच्याला वरून खाली न्याहाळतात आणि विचारतात, "तुमी कानाचे, डोयाचे का हाताचे?"

आमच्या तिवस्याच्या शाळेत नवे मुख्याध्यापक रुजू झाले, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न. बिचाऱ्यांनी गडबडून कानाला हात लावला. "समजलं," सर म्हणाले, "हाताचे." आणि वर्गावर निघून गेले. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत राहिले. मी मराठी शिकवते. सरांच्या शेजारचा वर्ग माझा आणि शेजारचं घरही माझंच, त्यामुळे सरांचा अर्थ लावायचं काम कायम माझ्या गळ्यात. मी म्हटलं, "घाबरू नका साहेब. कोणाला ऐकून समजतं, कोणाला डोळ्यांनी पाहून, कोणाला हातांनी करून. सरांनी अख्ख्या तालुक्याची अशी वाटणी करून ठेवली आहे."

हे खूळ अमरावतीच्या एका प्रशिक्षणातून आलं. गेलो तर आम्ही सगळेच होतो. आम्ही जेवणातल्या बालुशाहीच्या आठवणी घेऊन परतलो, सर हे घेऊन परतले. तेव्हापासून त्यांच्या गणिताच्या तासाला कानाच्या पोरांसाठी खंजिरीवर पाढे आणि डोयाच्या पोरांसाठी मैदानात चुन्याने आखलेले कोन. मी इकडे अगदी हळवी कविता शिकवत असायची आणि भिंतीपलीकडून दणक्यात, "बारा सत्ते चौऱ्याऐंशी!" माझी पोरं कवितेला टाळ्यांनी ठेका धरायला लागली. सांगा, काय करायचं?

हाताच्या पोरांना अपूर्णांक शिकवताना मात्र सर फसले. आमच्याकडे संत्र्यांना काय तोटा! प्रत्येकाच्या हातात एकेक सोललेलं संत्रं दिलं आणि म्हणाले, "अर्ध करा रे पोट्टेहो." आता कोणाच्या संत्र्यात दहा फोडी, कोणाच्या अकरा, कोणाच्या नऊ. वर्गात भांडणं पेटली. अकरावाल्या एका पोरीने शांतपणे एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "सर, आता बरोब्बर अर्ध झालं." सर असे खूश, की तिला घेऊन माझ्या दारात उभे. "पाहा मॅडम, हे पोट्टी हाताची!"

"सर," मी म्हटलं, "ती तोंडाची आहे."

खंजिरीनेही हलत नाहीत आणि संत्र्यानेही नाही, अशीही दोन-चार पोरं असायचीच. सर अशा पोराच्या बाकावर गुडघे दुमडून नुसते जाऊन बसायचे आणि आपल्या वह्या तपासायचे. शिकवायचे काही नाही. थोड्या वेळाने ते पोर आपलं आपण गणित मांडायला लागायचं. "हा कोणता प्रकार, सर?" मी विचारायची. "त्याचं नाव अजून सापडून नाई राहिलं," म्हणायचे. आणि तुम्ही स्वतः कोणते, असं विचारलं की, "मास्तराले प्रकार नसते, मॅडम." विषय बंद.

सरांची बायको, आमच्या सुनंदावहिनी, गेल्या त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून सर खानावळीचा डबा खातात. यंदाच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी रूपाली, अकोल्याला बँकेत असते ती, मागे लागली, "बाबा, अकोल्याले चला."

"अकोल्याच्या उन्हात मी काय करू? पापड वाळवू?" सर म्हणाले.

खरं कारण वेगळं होतं. मुख्याध्यापकांनी सरांना शाळेतली एक रिकामी खोली देऊ केली होती, मागे पडलेल्या पोरांना जवळ घेऊन शिकवायला. पगार नाही, काही नाही. पण सरांनी त्या खोलीला आपल्या हातांनी रंग दिला होता आणि जाता-येता तिचं कुलूप उघडून बघत होते. तिवसा सोडायचं म्हणजे ती खोली सोडायची.

रूपाली पण बापाचीच लेक. फोनवर म्हणाली, "रविवारी येते. माह्यासमोर जवारीची भाकर करून दाखवा. जमली तर राहा, नाई तर बॅग भरा. डब्यावर तुमाले जगू देनार नाई मी."

सर धावत माझ्याकडे आले. "मॅडम, वाचवा."

म्हटलं, चला, आज मास्तरांचा मास्तर व्हायची संधी! आधी त्यांना कानाचं समजून सगळं सांगितलं. पाणी किती गरम, पीठ किती मळायचं, थापताना हात कसा फिरवायचा. त्यांनी मान डोलावली आणि पिठाची खीर केली. मग डोयाचं समजून माझी भाकरी दाखवली. ते तव्यावर असे वाकले, की चष्म्यावर वाफ धरली आणि दिसलं काहीच नाही. शेवटी हाताचं समजून परात त्यांच्यापुढे सरकवली. भाकरी तव्यावर पडली की तिचे दोन तालुके व्हायचे, एक तिवसा आणि एक मोर्शी. शनिवारी संध्याकाळी मी पिठाचे हात धुतले आणि वैतागून म्हटलं, "बाप्पा बाप्पा! सर, तुम्ही कशाचेच नाही!"

एरवी ते हसले असते. त्या दिवशी नुसते "हो नं" म्हणाले आणि घरी गेले. मला रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी रूपाली आली ती एक मोठी रिकामी बॅग घेऊनच. तिने मला पंच म्हणून बोलावलं होतं. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बसलो, सर आत एकटे. पहिली भाकरी मोडल्याचा आवाज नाही आला, पण सरांचा "अरे लेका!" ऐकू आला. दुसरीलाही तेच. रूपालीने बॅगेची चेन उघडली.

मला काही ते बघवेना. मी घरून निवडायला आणलेली गवार उचलली, आत जाऊन सरांच्या बाजूला पाटावर बसले आणि शेंगा मोडायला लागले. भाकरीचा भ काढला नाही. मुख्याध्यापकांनी नव्या वेळापत्रकात मला लागोपाठ चार तास दिले होते, त्यांनाच शिव्या घालायला सुरुवात केली.

"मंग साहेबासमोर काहून गप बसता? भांडा नं!" सर म्हणाले आणि थापत राहिले. मी बोलत राहिले, ते हसत राहिले, हात परातीत फिरत राहिले. भाकरी अख्खी तव्यावर गेली. सरांनी वरून पाणी फिरवलं, उलटली, मग विस्तवावर धरली, आणि ती टम्म फुगली.

सर तिच्याकडे बघतच राहिले. दारात रूपाली येऊन उभी होती.

"सुनंदा अशीच बाजूले बसे," सर म्हणाले. "मी उद्याचा पाठ काढत बसो, अन् सुनंदा गवार, मेथी, जे असन ते निवडत बसे. एक अक्षर बोलत नसे. तीस वर्षं मले वाटे, मले गणित येते."

रूपाली आत आली. दुसरा पाट ओढून बापाच्या दुसऱ्या बाजूला बसली, माझ्या पुढ्यातली अर्धी गवार आपल्याकडे ओढली आणि डोळे पुसत म्हणाली, "करा आनखी एक. मी बसली आहो."

त्या दुपारी सरांनी परात रिकामी होईपर्यंत भाकरी केल्या. आम्ही जेवलो, आमच्या ह्यांनाही हाक मारून जेवायला बसवलं. आता आम्हा दोघांचं संध्याकाळचं जेवण सरांकडेच असतं. भाजी मी निवडते, भाकरी ते करतात, आणि भांडण दोघं मिळून.

त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने रूपाली अकोल्याला परत गेली. त्या मोठ्या बॅगेत फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी होत्या, बाकी काही नव्हतं.