सहा माणसांचा मैदा

पालकांच्या जेवणाला बहात्तर माणसं येणार होती. त्यांच्यासाठी पेरोगी, म्हणजे बटाटा भरून पाण्यात उकडलेल्या मैद्याच्या करंज्या, करायचं काम ओरेस्ट सरांनी हौसेनं आपल्या सोप्या गणिताच्या वर्गावर घेतलं. नववीतली जी पोरं गणितात दोन-तीन इयत्ता मागे, ती या वर्गात.

सरांना एक खोड होती. पोरांपुढे ठेवण्याआधी ते प्रत्येक आकडा मऊ करून घेत. आईच्या पाककृतीत 'अठरा माणसांना पुरते' असं होतं. अठरानं भागताना पोरांना घाम फुटेल म्हणून सरांनी अठराचे सहा केले, आणि विसरून गेले.

"बारा पट," दारिनानं लगेच उत्तर दिलं. मग कागदाकडे बघत म्हणाली, "पण सर, सहा माणसांना सात वाट्या मैदा? कुठली माणसं ही?"

"तू भागाकार कर गं. खाणारे बघून घेतील."

दारिनाला नेहमीच्या वर्गात जायचं होतं. तिचा अर्ज जानेवारीपासून सरांच्या खणात पडून होता. तिकडे पोरगी तोंडावर आपटेल या काळजीनं सरांची सही होत नव्हती.

शुक्रवारी मैदा बारा पट भिजला. टेबलं पुरेनात म्हणून वाचनालयातली आणली. दुपारी बटाटे संपले, पीठ संपेना. फ्रीज भरले तशा ताटं भरभरून पेरोगी मैदानातल्या बर्फात गोठवायला ठेवल्या, आणि तिथे एक कुत्रा पाहुण्यांच्या आधी जेवला.

मुख्याध्यापिका पेकबाई दारात येऊन थबकल्या. "ओरेस्ट, हिशोब कुणाचा हा?"

"दारिनाचा," मागून कुणीतरी तत्परतेनं सांगितलं.

"आणि हिला वर जायचंय?"

दारिनानं मान खाली घातली. सरांनी घाईघाईनं खिशातून आईचा कागद काढला, वाचला, आणि त्यांचे कान लाल झाले. आता गप्प बसलो तर पोरीचा अर्ज खणातच कुजेल, हे त्यांना लख्ख दिसलं.

"चूक माझी आहे, बाई. अठराचे सहा मी केले. जड जाईल म्हणून."

"कुणाला?" दारिनानं विचारलं. "बहात्तर भागिले अठरा, चार. तोंडी येतं की, सर."

त्या रात्री प्रत्येक पालक पोटभर जेवून वर पिशवीभर पेरोगी घेऊन गेला. सोमवारी सर सही केलेला अर्ज घेऊन वर्गात आले, तर भिंतीवर आईची पाककृती चिकटवलेली. टपोरी अक्षरं, एका ओळीत एकच काम, शेजारी वाटीचं चित्र. खाली दारिनाच्या अक्षरात टीप होती: 'ओरेस्ट सरांसाठी सोपी केली आहे. आकडे बदलू नयेत.'