बांधीतलं गाणं कोणाचं?

मी गायला लागलो की जंगलातला वाघसुद्धा कान टवकारून बसतो, ही आमच्या भागात सर्वमान्य गोष्ट आहे. वाघाला कोणी विचारलेलं नाही. पण त्यानं नाकारल्याचंही ऐकिवात नाही!

तरी धानाच्या रोवण्याला बाया गाणार ते बायनाबाईचं, म्हणजे माझ्या बायकोचं गाणं! तिनं सूर उचलल्याशिवाय एकीचा हात चालत नाही. यंदा मी ठरवलं, बांधीत, धानाच्या खाचरात, गाणं गाजेल तर या देवरावचं!

नात दिव्यानीनं मोबाइलात एआय लावून दिलं. "आबाजी, मनातलं बोला. गाणं थे बनवते."

मी बोललो. अर्धा तास! मन कसलं, दारं उघडलेलं धरणच ते.

सकाळी चौदा बाया बांधीत उतरल्या. मी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, स्पीकर मांडला आणि गरजलो, "शबदन् शबद माहा हाये! मशीनचा फकत गळा!"

गाणं सुरू झालं.

"बायना माझी धानाची लोंबी,
वारा तिच्यासाठी खेळतो झोंबी!"

बाया खिदळल्या. बायनाबाईनं लाजून तोंडावर हात नेला, गालभर चिखल! मी दोन इंच उंच झालो. तेवढ्यात दुसरं कडवं आलं.

"घोरते बायना, हालतात छपराचे कवेलू,
अळणी तिची भाजी, कोणाला मी बोलू?
हे गाण्यात टाकू नको बाबा, मार पडेल!"

शेवटची ओळ तर चार आवाजांत, ढोलकीसकट, तीनदा! अरे, ते मी मशीनला विश्वासात घेऊन सांगितलं होतं!

बायनाबाईनं हातातली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंडी खाली ठेवली आणि धुऱ्यावर जाऊन बसली. मागोमाग तेराही जणी. ऊन चढलं, उपटलेले पऱ्हे माना टाकू लागले. आज लागले नाहीत, तर गेले!

"काऊन जी, गाणं कोनाचं?" बायनाबाईनं विचारलं.

"मशीनचं! मी त फकत बटन दाबलो!"

"आत्ता त शबदन् शबद तुमचा होता?"

"पहिलं कडवं माहा. दुसरं मशीनचं."

"उलटं हाये!" ती म्हणाली. "चाळीस वर्सात मले कधी लोंबी म्हनलं नाई तुमी. थे मशीनचं. घोरनं अन् अळणी भाजी, थे अस्सल तुमचं!"

बाया पोट धरून हसल्या. पण खरं सांगतो, मशीनपुढे लोंबी मीच म्हटलं होतं. अगदी पहिल्यांदा तेच!

"माहंच हाये थे," मी पुटपुटलो.

"मंग म्हना. तोंडानं."

चौदा जणींसमोर! वाघाची गोष्ट वेगळी. तरी कसाबसा म्हणालो, "बायना माझी धानाची लोंबी..."

तिनं पदर खोचला, पेंडी उचलली आणि सूर लावला. तेच गाणं! दोन्ही कडव्यांसकट! आणि "मार पडेल"ला बाया अशा काही ठेक्यात वाकल्या, की जेवणाच्या आत बांधी हिरवीगार.

आता सात गावांत रोवण्याला तेच गाणं चालतं. सगळे म्हणतात, काय गाणं आहे बायनाबाईचं!

मी काही बोलत नाही. मार पडेल!